कागदाला शपथ देता येत नाही

सॅल कॅपुटो पुन्हा घराबाहेर पडला होता. पायात सपाता, अंगात बस ड्रायव्हरचं जुनं जाकीट आणि डिसेंबरची थंडी. समोरच्या रस मॅकग्लिनच्या टपालपेटीशी उभा राहून तो एकसारखा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"बसला उशीर झालाय," रस जवळ गेल्यावर तो काळजीनं म्हणाला. "पोरं थंडीत उभी असतील रे."

"आज सुट्टी आहे सॅल. चल, घरी जाऊ."

आमच्या टॅनर्स मिल गावच्या शाळेची बस सॅलनं अर्धं आयुष्य चालवली. क्विन्स लेन या आमच्या गल्लीतलं असं एक घर सापडणार नाही, ज्यातलं पोर त्याच्या बसमध्ये बसलं नाही. रसच्या दोन्ही मुली तर रोज त्याच्या मागच्याच बाकावर बसायच्या. आता त्याच सॅलला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नव्हतं. त्याची बायको डोरीन हमरस्त्यावरच्या मॉलमधल्या सलूनमध्ये केस कापायची. ती कामावर गेली की सॅलकडे लक्ष ठेवायला कुणी नसायचं.

त्या संध्याकाळी डोरीन रसकडे आली. हातात क्रम्ब केकचं ताट होतं आणि ताटाखाली एक कागद.

"मॉलमधलं काम सोडतेय," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये एक खुर्ची टाकायची, तिथंच केस कापायचे. मधलं दार उघडं ठेवलं की सॅल डोळ्यांसमोर राहील. पण आपली गल्ली पडली फक्त राहण्यासाठीची, इथं धंद्याला मनाई. गावच्या झोनिंग बोर्डानं नियमातून सूट दिली तरच जमेल. शेजाऱ्यांची हरकत नाही म्हणून सह्या घेतेय. देशील ना?"

"हे काय विचारणं झालं? आण इकडे!" रसनं सगळ्यात वर, सगळ्यात मोठी सही ठोकली.

डोरीनचे डोळे भरून आले. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येकानं तशीच आनंदानं सही दिली. ती देताना कुणाच्या खिशाला तोशीस नव्हती की कुणाशी वैर येत नव्हतं.

वाचकहो, आमच्या गावात माणसं फार गोड आहेत. कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, आणि नेमका तिथंच सगळा घोटाळा आहे.

कोपऱ्यावरच्या घरातल्या एल्व्हिन व्हान डोरेननं मात्र सही दिली नव्हती. एल्व्हिन वाईट माणूस नव्हता. रसच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून दर हिवाळ्यात तो न सांगता पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेला आपला ट्रक आणायचा आणि रसच्या अंगणातला बर्फ लोटून द्यायचा. त्याची बायको वारली होती आणि त्याच्यापाशी उरलं होतं ते हे घर. रविवारी चर्चनंतर कॉफी पिताना तो रसला म्हणाला,

"आज एक खुर्ची, उद्या पाटी, परवा गिऱ्हाइकांच्या गाड्या माझ्या दारात. चेस्टर स्ट्रीटचं काय झालं, बघितलंस ना? एका दाताच्या डॉक्टराला शिरू दिलं आणि सगळा बाजार झाला. मी बोर्डापुढे उभा राहणार आहे. माझं काही चुकतंय का?"

"छे, छे," रस कपात बघत म्हणाला. "तुझंही खरंच आहे, एल्व्हिन. तू बोलायलाच हवंस."

डोरीनला हो आणि एल्व्हिनलाही हो! दोन्ही डगरींवर हात ठेवून रस खुशाल घरी आला आणि जेवलासुद्धा.

जानेवारीत सुनावणीची संध्याकाळ आली. गावाच्या नियमाप्रमाणे दोनशे फुटांतल्या प्रत्येक घराला रजिस्टर टपालानं नोटीस गेली होती. त्या संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉलची मॅच होती. 'सही दिलीच आहे की,' रसनं मनाशी म्हटलं आणि पाय वर घेऊन बसला. गल्लीतल्या बाकीच्या घरांतही दिवे होते आणि मॅच चालू होती.

डोरीन परत आली ती कोटाची बटणंही न लावता. रसनं दार उघडलं. "झालं ना काम?"

"नाही झालं." ती पायरीवरच उभी राहिली. "मी कागद पुढे केला. अध्यक्ष मिसेस लिंडक्विस्ट चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, 'मिसेस कॅपुटो, कागदाला शपथ देता येत नाही. मिस्टर व्हान डोरेनना प्रश्न विचारायचे असतील तर त्यांनी ते कुणाला विचारायचे, या कागदाला?' सह्या त्यांनी हातातसुद्धा घेतल्या नाहीत रे. सगळ्या खोलीत बोलायला उठला तो एकटा एल्व्हिन."

"मग?"

"पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. सातांपैकी पाच मतं लागतात. त्या म्हणाल्या, माणसं आणा." तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "तू येशील ना, रस?"

"बघतो," रस म्हणाला. "पाठीचं जरा..."

मान हलवून डोरीन समोर आपल्या घरी गेली.

रसची थोरली बहीण मॉरीन पूर्वी याच बोर्डावर बसायची. आता गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. शनिवारी ती जेवायला आली तेव्हा रसनं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "काय हा नियम! आख्ख्या गल्लीच्या सह्या आहेत आणि म्हणे चालत नाहीत."

"नियम शहाणा आहे, वेडा तू आहेस," मॉरीननं काटा खाली ठेवला. "मी त्या खुर्चीवर इतकी वर्षं बसले. माझ्यापुढे काय यायचं, ठाऊक आहे? नुसता विरोध! ज्याला खुपतं तो थंडीपावसात धावत येतो. ज्यांचं काही म्हणणं नसतं ते घरी लोळतात. आम्हांला वाटायचं, गाव विरोधात आहे. गाव विरोधात नसायचं रे, गाव सोफ्यावर असायचं."

"मी सही केली ना पण?"

"सही! अरे, सही देताना कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तुला डोरीनचा केक हवा आणि एल्व्हिनचा ट्रकही हवा. खरं की नाही?"

रसचा चेहरा उतरला. "एल्व्हिनशी बिघडलं तर, मॉरीन? माझा एकच मित्र आहे."

"मग त्याच्याकडे आधी जा. माझं मत तुझ्याविरुद्ध आहे, हे त्याच्या घरात बसून सांग. पाठीमागून घाव घालू नकोस. मित्र असेल तर ऐकून घेईल."

रस गेलाही. एल्व्हिनच्या दारापर्यंत गेला, घंटीवर बोट नेलं आणि परत फिरला.

त्यानंतरच्या आठवड्यात बर्फाचं वादळ आलं. डोरीन मॉलमध्ये अडकली आणि सॅल घरातून गेला. गल्लीत हाका सुरू झाल्या, पोलिसांची गाडी फिरू लागली. एल्व्हिननंही ट्रक काढून रस्ते धुंडाळले, ते कबूल केलंच पाहिजे. रसनं आपल्या टपालपेटीशी जाऊन बघितलं. तिथं पावलांचे ठसे होते. सॅल तिथं येऊन उभा राहिला होता. दुपारभर रस खिडकीचे पडदे ओढून आत टीव्ही बघत होता.

सॅल सापडला बसच्या बंद पडलेल्या जुन्या डेपोत. फाटकाला टेकून, मनगट डोळ्यांपाशी धरून तो बसला होता. डॉक्टरांनी उजव्या पायाची थंडीनं गोठलेली तीन बोटं काढली. इस्पितळातल्या बाईनं डोरीनला बजावलं, की घरी पूर्ण वेळ माणूस असेल तरच त्याला घरी पाठवू, नाहीतर नेवार्क शहराच्या पलीकडच्या संस्थेत ठेवावं लागेल. आणि डोरीननं काम सोडलं तर घराचा हप्ता कुणी भरायचा?

आता सगळं गॅरेजमधल्या त्या एका खुर्चीवर येऊन ठेपलं होतं.

फेब्रुवारीच्या सुनावणीआधी रस घरोघर फिरला. "सही नकोय, तुम्ही स्वतः या," एवढंच तो सांगत होता. कुणी बघतो म्हणालं, कुणी पाठीचं दुखणं सांगितलं. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना रसला लाज वाटत होती. एल्व्हिनच्या दारापर्यंत मात्र तो या वेळी गेलाच नाही.

टाउन हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या रांगांत गल्लीतले काही जण अंग चोरून बसले होते. एल्व्हिन पहिल्या रांगेत होता. त्यानं रसला बघून हात केला, बाजूच्या खुर्चीवरचा कोट उचलून जागा केली. रस आपल्याच बाजूनं बोलायला आलाय, असं त्याला वाटलं होतं! रस मागेच बसला.

नाव पुकारल्यावर रस पुढे गेला. उजवा हात वर करून खरं सांगण्याची शपथ घेतली. गाड्या दोनच येतील, डोरीनच्या अंगणात त्या मावतात, एका खुर्चीनं बाजार होत नाही, आणि सॅल डोळ्यांआड झाला की काय होतं ते सगळ्यांनी बघितलं आहे, एवढं बोलून तो थांबला.

"मिस्टर मॅकग्लिनना कुणाला काही विचारायचं आहे?" मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या.

एल्व्हिन उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"एकच विचारतो. रस, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तू मला काय म्हणालास? तुझं खरं आहे म्हणालास की नाही? तू बोलायलाच हवंस म्हणालास की नाही?"

रसला वाटलं, म्हणावं, आठवत नाही. नाहीतर 'तसा अर्थ नव्हता' म्हणून 'नरो वा कुंजरो वा' करावं. त्यानं डोरीनकडे बघितलं. तिला हे ठाऊकच नव्हतं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणालो," रस म्हणाला. "त्याच आठवड्यात डोरीनच्या कागदावर सही केली आणि तुलाही हो म्हणालो. तुझ्याशी खोटं बोललो, एल्व्हिन! मला तुझा ट्रक गमवायचा नव्हता. आणि डोरीनशीही खोटंच वागलो, कारण सही करून मी घरी बसलो. गेल्या महिन्यात मी इथं असतो तर कदाचित ती बर्फाच्या दिवशी घरीच असती. सॅलची बोटं थंडीनं गेली म्हणतात. मला विचाराल तर त्यात माझाही हात आहे!"

"मला आधी सांगायचं होतंस," एल्व्हिन हळूच म्हणाला. "मी वाद घातला असता, पण ऐकलं असतं."

"दारापर्यंत येऊन परत गेलो," रस म्हणाला.

एल्व्हिन खाली बसला.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. "मीही दोघांना हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला शपथ द्या." तिच्यामागून आणखी एक, मग कोपऱ्यातलं एक म्हातारं जोडपं. एकेक जण हात वर करत होता. एल्व्हिनला पाठीमागे वळून बघावंसं वाटलं नसावं. तो समोर बघत बसला होता, आणि आयुष्यभर ज्यांना तो आपले समजत होता त्यांचे आवाज पाठीमागून एकेक करून त्याच्याविरुद्ध येत होते. त्याचं म्हणणं मला पटत नाही, पण त्या खोलीत खरं बोलायला पहिल्या दिवसापासून आला होता तो डोरीन सोडता एकटाच, हे विसरून चालणार नाही.

पाच मतं बाजूनं पडली, दोन विरुद्ध. अटी घातल्या. खुर्ची एकच, पाटी नाही, सहानंतर काम बंद. एल्व्हिनच्या भीतीची दखल अशी कागदावर घेतली गेली. सॅल मार्चमध्ये घरी आला.

पुढच्या डिसेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा रस सवयीनं खिडकीशी उभा राहिला. एल्व्हिनचा ट्रक गल्लीत आला. रसच्या घरासमोरून जाताना त्याचं पातं वर उचललेलं होतं. ट्रक थांबला नाही. समोर डोरीनच्या दारातला बर्फ मात्र त्यानं लोटून दिला आणि निघून गेला.

रसनं फावडं काढलं. पाठ धरून, थांबत थांबत तो अंगण साफ करू लागला. समोर गॅरेजात दिवा होता, डोरीनची कात्री चालू होती. मधल्या दाराशी सॅल ब्लँकेट घेऊन बसला होता. रसला बघून त्यानं काचेवर टिचकी मारली. रस रस्ता ओलांडून गेला.

"बस आली का रे?" सॅलनं विचारलं.

"आली सॅल," रस म्हणाला. "फार उशिरा आली. पण आली."

वाचकहो, आपलं मत आपल्याबरोबर घरी बसलं तर ते कुणाच्याच कामाचं नाही. ज्याच्या बाजूनं आहात त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि ज्याच्या विरुद्ध आहात त्यालाही ते तोंडावर सांगा. दोघांना हो म्हणून शेजारधर्म पाळला जात नाही. रसला हे कळायला जो उशीर झाला त्याची किंमत सॅलनं मोजली. सॅल ते विसरून गेलाय. रस विसरलेला नाही, आणि आपणही विसरू नये.