उखळाला सांगितलेलं

चंद्रव्वा आणि निंगव्वा या जावा एकाच स्वयंपाकघरात दोन चुली मांडून होत्या आणि सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायची वेळ आलीच, तर दोन चुलींच्या मधल्या उखळाला सांगायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात; इथं बिचारं उखळच सगळं ऐकून घ्यायचं.

बहात्तरच्या दुष्काळात चंद्रव्वाच्या लेकीचं लग्न झालं. निंगव्वा हळद लावायला पुढं झाली, तशी थोरल्या जावेनं चारचौघींत तिचं मनगट धरलं. "जिला मूल न्हाय तिचा हात नगं," म्हणाली. निंगव्वा ते विसरली नव्हती आणि विसरायचा तिचा विचारही नव्हता.

पुढं चंद्रव्वाला साखरेचा आजार जडला, तेव्हा निंगव्वाला मनातून बरंच वाटलं. नर्सबाई घरी येऊन इन्शुलिन टोचायला शिकवून गेल्या. सिरिंज आणि सुई उकळून घ्यायची, मांडीवर रोज जागा बदलायची, टोचलं की भाकरी खायची. चंद्रव्वाला अक्षर येत नव्हतं, म्हणून चौथ्या मोठ्या रेघेपर्यंत भरायचं, एवढं त्यांनी पाठ करून घेतलं. "बाटली चाळीसचीच आणा. ऐंशीची दुप्पट कडक असते, ती निम्मीच भरायची. नाहीतर साखर एकदम उतरून माणूस दगावतं," हेही त्या बोलल्या. चंद्रव्वा ते विसरली. सातवी शिकलेल्या निंगव्वानं आपल्या चुलीपाशी बसून ध्यानात ठेवलं.

त्या सकाळी जुनी बाटली संपली. संगप्पा, चंद्रव्वाचा नवरा, नवी आणून ठेवून गिरणीत गेला होता. निंगव्वानं कोनाड्यात वाकून लेबल वाचलं. ऐंशी.

मरू दे, असं तिच्या मनात आलं. भाकरी थापता थापता दोनदा आलं. मग तिची तिलाच भीती वाटली.

"उखळा," ती म्हणाली, "नवी बाटली ऐंशीची हाय. दुसऱ्या रेघेवर थांबायचं."

चंद्रव्वानं सिरिंजमध्ये औषध ओढलं. "उखळा, लोकास्नी माजं औषदसुदा बघवंना. कमी टोचून मी झिजून मरावं, असा डाव हाय." आणि चौथ्या रेघेपर्यंत भरून तिनं लुगडं मांडीवरून वर सरकवलं.

निंगव्वा उठली. पिठानं भरलेल्या हातानं तिनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं.

"हळदीला चालला न्हाय त्यो हात आज चालवून घ्या, अक्का." दुसऱ्या हातानं तिनं रिकामी बाटली नव्या बाटलीशेजारी ठेवली. "वाचता येत न्हाय, पर दिसतंय न्हवं? ह्यो आकडा आन् ह्यो आकडा एक हाय का?"

चंद्रव्वा दोन्ही बाटल्यांकडे बघत राहिली. दोन वेगळी चिन्हं होती, एवढं तिला कळलं. निंगव्वानं नर्सबाईंचे शब्द जसेच्या तसे ऐकवले आणि हात सोडला. चंद्रव्वानं निम्मं औषध सांडून दिलं, उरलेलं टोचलं आणि भाकरी खाल्ली. मनगटावरचं पीठ तिनं पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सिरिंज भरली आणि उखळ ओलांडून निंगव्वासमोर धरली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती सरळ तिच्या तोंडाकडे बघून बोलली, "निंगव्वा, बघ की गं. बरोबर हाय का?"

निंगव्वानं रेघ नीट मोजली. मग तोंड फिरवलं.

"उखळा," ती म्हणाली, "बरोबर हाय म्हणावं."