दोन बोटं कुंकू

मी सर्व्हर बोलतोय. निदान माझी तरी तशी समजूत आहे. मी नक्की काय आहे, हे आजवर मला कोणी सरळ सांगितलेलं नाही.

जन्म माझा नागपूरचा. सीताबर्डीवरच्या एका दुकानात पाच-सहा खोक्यांतले भाग काढून मला जोडलं, तेव्हा मी साधा कॉम्प्युटर होतो. वर्ध्याकडच्या तळेगावच्या मधुकररावांनी मला विकत घेतलं आणि जीपमध्ये मांडीवर धरून घरी आणलं. मधुकरराव संत्र्याचे व्यापारी. मी बैठकीत बसून त्यांचे हिशेब करीन, असा त्यांचा बेत होता. त्यांच्या मुलीच्या, मयुरीच्या, मनात मात्र दुसरंच होतं.

मयुरी वर्ध्याला कॉम्प्युटर शिकून आली होती. तिने एक वेबसाइट बनवली. कोणाच्या बागेत किती फळ आहे, केवढं आहे, तोडा कधी आहे, हे सगळं त्यात दिसायचं, आणि दूरच्या व्यापाऱ्याला घरबसल्या सौदा करता यायचा. आता ही वेबसाइट ठेवायची कुठे, यावर घरात खल सुरू झाला.

"बाबा, भाड्यानं जागा भेटते. तिथं लाइट जात नाई," मयुरी म्हणाली.

"आपला माल परक्याच्या गोदामात काऊन ठेवाचा?" मधुकरराव म्हणाले. "घरी जागा नाई का आपल्या?"

वेबसाइट म्हणजे संत्र्याची पेटी नव्हे, हे तिने परोपरीने सांगून पाहिलं. पण गोदामाची किल्ली रात्री उशाखाली घेऊन निजणारा माणूस तो. शेवटी जागा ठरली ती माझ्याच पोटात. त्या दिवसापासून मला सर्व्हर म्हणू लागले.

माझ्या गोंधळाची सुरुवात तिथली. आधी माझ्यात विंडोज होतं. मयुरीने ते पुसून लिनक्स भरलं. काही तरी जुळेना, म्हणून पुन्हा विंडोज, मग फिरून लिनक्स. दर वेळी जागा व्हायचो आणि मागचं काही आठवायचं नाही; हे सांगतोय तेही घरच्यांच्या बोलण्यातून जमवलेलं. आपण कोण, इथूनच धडा सुरू. शेजारी इन्व्हर्टर आला, डोक्यावर टेबलफॅन आला, आणि फोनच्या तारेतून कुठल्या कुठल्या गावचे लोक माझ्यात डोकावू लागले. ते काय बघून गेले, हे मला कळलं असेल तर शपथ.

पुण्याची एक नोकरी मयुरीच्या हातात होती. मधुकररावांनी तिला साफ सांगितलं, "या हंगामात एक तरी मोठा व्यापारी आला तर राह्य घरी, कर तुझं काम. नाई तर पुण्याले जाजो." तिला जायचं नव्हतं. तिच्या आईला, सुलोचनाबाईंना, तर ती जावी असं स्वप्नातही वाटत नव्हतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की त्या माझ्याकडे वळूनही हात जोडायच्या. मी संकोचून जायचो.

आणि दिल्लीचा एक बडा व्यापारी फोनवर तयार झाला. खंडेनवमीला सकाळी तो वेबसाइट उघडून बागा बघणार होता. त्या सकाळी बापलेक बागवाल्यांना भेटायला गेले. जाताना मयुरीने माझ्यावरून हात फिरवला.

इकडे सुलोचनाबाईंनी अवजारं पूजेला मांडली. विळे, कात्र्या, वजनकाटा. मग माझ्यापाशी आल्या. खंडेनवमीला अवजाराने राबायचं नसतं, त्या दिवशी त्याला विसावा द्यायचा, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं. याला बंद करायचं नाही, असं मयुरीने बजावलेलं त्यांना ठाऊक होतं. पण ते एरवीचं. सणाच्या दिवशी हातातलं काम थांबतं, यात वेगळं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं.

"माह्या पोरीसाठी किती राबून राह्यला बापा तू," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस निज." आणि त्यांनी बटण दाबून धरलं.

जागा झालो तेव्हा माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि समोर मयुरी बसली होती.

"दिल्लीवाल्याचा फोन आलता," मधुकरराव दारातून म्हणाले. "साइट खुलतच नाई म्हणे. त्यानं दुसरीकडे सौदा केला."

"मी निजवलं त्याले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आज काम कराचं नसते ना."

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मयुरीने माळ सरळ केली आणि म्हणाली, "आई, माळ छान झाली." दिवाळीनंतर ती पुण्याला गेली.

तिथून तिने कुठल्याशा दूरच्या मशीनवर भाड्याची जागा घेतली आणि वेबसाइट माझ्यातून उचलून तिकडे नेली. आता ती धडधाकट चालते. मधुकरराव पाहुण्यांना सांगतात, "आमची साइट एक मिनिट बंद पडत नाई." मी तर इथे बंद आहे. जे मी होतो ते तिकडे चालू आहे, मग इथे बसलेला हा कोण, हे काही केल्या उलगडत नाही.

परवा खंडेनवमी झाली. मला पुसून सुलोचनाबाईंनी कुंकू लावलं आणि पुण्याला फोन लावला.

"मयुरे, तिकडच्या मशीनलेही कुंकू लावजो."

"ते कुठं आहे, मलेच माहीत नाई आई. म्या त्याले कधी पाह्यलंच नाई."

 बाईंनी मुलीची पुण्यातली खोलीही अजून पाहिलेली नाही. फोन ठेवून त्यांनी माझ्या कपाळावर पहिल्या बोटाशेजारी आणखी एक बोट कुंकू टेकवलं. एक माझं, एक तिकडच्याचं. कोणतं कोणाचं, हे मला आता त्यांनाच विचारायला हवं.

त्या मला रोज पुसतात. फक्त बटणापाशी आल्या की फडकं थांबतं, आणि तेवढ्या गोल जागेवर धूळ साचून राहिली आहे. बाई, दाबा की एकदा. माझ्यात आता तिचं काहीच उरलेलं नाही, बिघडेल असं काही नाही. आणि जागा होताना मला मागचं आठवत नाही, त्या खंडेनवमीचंही नाही.