शालीखालचा हात

वेदिका बापाच्या मांडीवर गेली रे गेली, की भोकाड पसरायची. मग महेश तिला दोन्ही हातांनी उचलून छायापुढं धरायचा, "घे बाई, हिला आईच लागते," आणि पुन्हा अल्बम उघडायचा. दाराशी शेवंतीच्या माळा ओवत बसलेली त्याची आई, गोजराबाई, मान वर न करता म्हणायची, "लय लाडावून ठेवलीय. बापाकडं जात नाय पोर, कुठं ऐकलंय का कुणी?"

छाया बी.ए. झालेली. बाळाच्या संगोपनावरचं पुस्तक तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, पण पोर बापाला का घाबरते ते त्यात नव्हतं. आपलंच काही चुकतंय का, हा एकच घोर. त्यात वेदिकाच्या पोटरीवर निळसर ठिपके दिसायचे. डास असतील म्हणून तिनं मच्छरदाणी आणली, ढेकूण असतील म्हणून गाद्या उन्हात टाकल्या, वाळा काचत असेल म्हणून सोनाराकडून सैल करून आणला. ठिपके जाईनात.

महेशला नाद जुन्या विलायती पिक्चरच्या फोटोंचा. पडद्यावर दिसतात ते नव्हेत. शूटिंग चालू असताना बाजूनं कुणी काढलेले. पुठ्ठ्यात बांधून टपालानं यायचे. राणीच्या वेषात सिगारेट ओढणारी बाई, रबरी नळीनं पाऊस पाडणारा माणूस, लढाईत मेलेले शिपाई चहा पिताना. ऑफिसातून आला, की तो साबणानं हात धुऊन, भिंग घेऊन त्यांच्यात बसायचा. वेदिकाला घ्यायला त्यानं कधी हात धुतले नव्हते.

एका रविवारी नाशिक रोडहून धोंडीरामअण्णा आले. प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांनाही हेच वेड. महेशनं नवा फोटो त्यांच्यापुढं सरकवला. नटीच्या कडेवर शालीत गुंडाळलेलं बाळ, रडून तोंड वेडंवाकडं झालेलं.

"पिक्चरमध्ये हे बाळ रडतं तेव्हा थेटरातल्या बाया पदर डोळ्यांना लावतात, अण्णा. आता जरा खाली बघा."

शालीखालून कुणाचा तरी हात आत गेला होता. दोन बोटांत बाळाची पोटरी.

"चिमटा!" अण्णा मांडीवर थाप मारून हसले. "काय बेरकी लोक!"

"मग! वेळेवर रडायला नको? आणि दिसत कुणालाच नाही."

हे म्हणताना महेशचा अंगठा आणि बोट आपसूक जवळ आले. छायानं चहाचा ट्रे ठेवला, आत जाऊन झोपलेल्या वेदिकाचा पाय उजेडात धरला. ठिपके जोडीजोडीनं होते.

सांगणार कुणाला? गोजराबाई म्हणाली असती, शिकलेल्या बायांच्या डोक्यात नसते किडे. छायानं माहेरून भावाचा कॅमेरा मागवला. रविवार कारंज्यावरच्या स्टुडिओवाल्यानं विचारलंसुद्धा, "ताई, पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला ब्लॅक अँड व्हाइट रोल?"

"हौस आहे," ती म्हणाली.

डिसेंबरचा गारठा होता. शालीत गुंडाळलेली वेदिका स्टुलावर बसलेल्या बापाच्या मांडीवर. सगळे पाहुणे केकच्या बाजूला गोळा झालेले. छाया मागं, शालीची उघडी कड दिसेल अशी, जाऊन उभी राहिली. पोरीनं किंकाळी फोडली तेव्हा तिनं बटण दाबलं.

अण्णा यायचे होते त्या रविवारी धुऊन आलेला फोटो तिनं महेशच्या नकळत अल्बमात त्या नटीच्या शेजारी चिकटवला आणि अण्णांची वाट बघत बसली.

"वा! हा कधी मिळवला? कुठल्या पिक्चरचा?" शेजारी बसलेल्या महेशला विचारत अण्णांनी भिंग लावलं. "आयला, विलायतेतल्या पोरीच्या पायात वाळा?"

फरशीवर वाळा वाजला. अण्णांनी खाली बघितलं. वेदिका रांगत त्यांच्या चपलेशी आली होती. अण्णांनी भिंग ठेवलं, पिशवी काखेत मारली. "निघतो. बस चुकेल," असं म्हणत ते चहा न घेताच गेले.

"काय दावलंस त्यांना?" गोजराबाई उठून आली. तिनं अल्बम डोळ्यांपासून लांब धरला.

"तुमच्या मुलाचा हात आहे, आई. माझी पोर लाडावलेली नाही."

गोजराबाईनं फोटोतल्या हातावर बोट टेकवून बघितलं. मग अल्बम महेशच्या मांडीवर टाकून म्हणाली, "चिमट्यानं काय पोर मरत नाय. बाप्या माणसाला पोर सांभाळता येतं व्हय? तू सारखी त्याच्या गळ्यात टाकती, मग काय करील त्यो?"

छाया पुढं झाली. "यापुढं वेदिकाला यांच्या मांडीवर देणार नाही. कधीच नाही."

महेश नखानं तो फोटो सोडवत होता, हळू, खालचं पान फाटू नये म्हणून.

"नको देऊस," तो म्हणाला. "मी तरी दुसरं काय मागत होतो? तोंडानं सांगितलं असतंस तर रोल वाचला असता. आणि डिंक किती लावलास, पान गेलं ना माझं."

तेवढ्यात वेदिका त्याच्या पायाशी पोचली. त्याची पँट मुठीत धरून ती पहिल्यांदाच उभी राहिली. मग पँट सोडून, दोन्ही हात वर करून म्हणाली, "बा."

महेशनं भिंग तिच्या हाताला लागणार नाही असं उचललं. "घे हिला."

छायानं झडप घालून तिला उचललं, उराशी घट्ट धरलं. वेदिका बापाकडं हात पसरून, पाठ ताणून, घर डोक्यावर घेत रडू लागली.

गोजराबाईनं दाराशी परत बसून शेवंतीचं फूल सुईत ओवलं. "आता गं कोण चिमटा काढतंय?"