कालचा धडा

"न्हाय म्हणलं ना एकदा! शाळा सोडून साल झालं मला, मास्तर. आता कशाला मागं लागलाव?"

राघवेंद्र मास्तर आमच्या सायकलच्या दुकानासमोर उन्हात उभे होते. टोपी हातात. "एकच दिवस बस बिरा. उस्मानाबादेहून साहेब येतायत तपासणीला. वर्ग रिकामा दिसला तर नववी-दहावी बंद करतील."

"औंदा मॅट्रिकला एक पोरगं पास झालं न्हाय तुमचं. बंदच करा की!"

आमचे मालक गुरुसिद्धप्पा, त्यांनी पान्हा आपटला. "ए मस्तवाल, गुरूला असं बोलतोस? ऊठ. पंक्चर म्या काढतो."

गेलो. माझ्यासारखी शाळा सोडलेली अजून दोघं धरून आणली होती, बलभीम आणि माणिकप्पा. बाकात गुडघे मावंनात. खरी पोरं आमच्याकडं बघून खुसुखुसू हसत होती.

मास्तरांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, शाळा मराठीत आली, तेव्हा चाळिशीत स्वतःच्या पोरीच्या पुस्तकावरून पुन्हा शिकले. तरी घाबरले की उर्दू लिहिल्यागत खडू फळ्याच्या उजव्या कडेला जायचा. लोक म्हणायचे, ह्यांच्याकडं पोरं घालून काय उपेग? आणि तुळजापूरला धाडायचे.

साहेब म्हणाले, "मास्तर, लिहा काहीतरी फळ्यावर."

मास्तरांचा हात उजव्या कडेला गेला. तिथंच थांबला.

"अहो, निजाम गेला की!" साहेब हसले. सगळा वर्ग खदखदून हसला. बलभीमसुद्धा.

माझं डोकं फिरलं. उठलोच. "हसू नका साहेब. मास्तर लई चांगलं शिकवत्यात. रोज!"

"अस्सं? तू रोज येतोस?"

"व्हय."

"मग काल काय शिकवलं?"

"गोदावरी! त्र्यंबकेश्वरला निघती, नाशिक, पैठण, नांदेड..." एका दमात म्हणलं. सातवीत मास्तरांनीच घोकून घेतलेलं.

साहेब माझ्या काळ्या नखांकडं बघत होते. हळूच म्हणाले, "काल रविवार होता."

दुकानाला कुठला रविवार? रविवारी बाजार, तवा तर दुप्पट गिऱ्हाईक. शाळेला सुट्टी असती हेच माझ्या डोक्यातून गेलेलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"असे अजून कोण कोण आलेत?" साहेबांनी विचारलं. माणिकप्पा आपणहून उठून बाहेर गेला. मग बलभीम. फळ्याच्या उजव्या कडेला खडूचा एक ठिपका तेवढा होता. मी मास्तरांच्या तोंडाकडं न बघताच निघालो.

संध्याकाळी मास्तर सायकल ढकलत दुकानावर आले. पुढच्या चाकात हवा नव्हती. मी मान खाली घालून पंप मारत राहिलो. चाक दगडासारखं झालं तरी मारत राहिलो.

"बिरा, फुटंल ते."

थांबलो.

"जूनपासून नववी-दहावी नाही म्हणाले साहेब." मास्तरांनी चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. मग म्हणाले, "आणि नाशिकनंतर कोपरगाव राहिलं तुझं."

ते सायकलवर बसलेच नाहीत. हवा भरलेली सायकल हातात धरून चालत गेले.

मालक हाका मारायलेत, रस्त्यावर पंक्चर झालेला ट्रक येऊन थांबलाय. मला जायला पायजे आता.