पडद्यामागून आलेलं ‘तू’

माझ्या अंगावर आजवर शेकडो खून पडले, पण मला रक्ताचा एक डाग नाही. मी सिनेमाचा पडदा आहे. पातळ पांढरं कापड, कडेला पितळी कड्या आणि मधोमध एक शिवण, जी नेमकी नायिकेच्या नाकावरून जाते.

नगरच्या एका शिंप्याने मला शिवलं ते शामकांतशेठच्या फिरत्या टॉकीजसाठी. जिथे जत्रा तिथे आमचा तंबू. पुरुष माझ्या पुढच्या बाजूला बसत, बायका मागच्या. मागून सगळं उलटं दिसायचं. उजव्या हाताने लढणारा नायक मागे डावखुरा होई, पण त्याबद्दल बायकांची कधी तक्रार नसे. रडू मात्र दोन्हीकडे एकाच वेळी यायचं, ते मला फार आवडायचं.

खरं सांगायचं तर सिनेमा मला कधीच दिसला नाही. तो माझ्यावरच चालतो, आणि स्वतःचा चेहरा कोणाला दिसतो? मला दिसतात ती समोरची माणसं. अंधारात त्यांच्या तोंडांवर माझाच उजेड पडलेला असतो. बाहेर कडक राहणारी माणसं त्या उजेडात विरघळतात, आणि दिवा लागला की डोळे पुसून पुन्हा कडक होतात. गंमतच आहे सगळी.

मोबाईल आले आणि तंबू उठला. केडगावच्या एका गोदामात मी घडी होऊन बारा वर्षं झोपलो. उंदरांनी एक कोपरा खाल्ला. झोपेत मला ते चेहरे दिसत राहायचे, पाण्याखाली असल्यासारखे, हळूहळू हलणारे. शामकांतशेठ गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी मला सुहास सरांना देऊन टाकलं.

सर खर्ड्याच्या बाजूला एका गावात इंग्रजी शिकवतात. स्वभावाने भिडस्त. कोणाला तोंडावर बोलणं त्यांना जमत नाही, म्हणून ते सिनेमे दाखवतात.

महिन्याभरापूर्वी गावचे सरपंच गोरक्षनाथ अण्णा यांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. कोणी नेली ते कोणी पाहिलं नाही, तरी दुपारपर्यंत सगळ्या गावाला चोर ठाऊक झाला होता. गायरानात पारध्यांची चार पालं आहेत. पोलीस आले, पालं उचकटून गेले, मोटार काही सापडली नाही. तरीही ग्रामसभेत ठराव करून पालं उठवायची, असं ठरलं. त्यातल्या एका पालात मालनबाई राहते, आणि तिची मुलगी रेश्मा सरांच्या वर्गात दहावीला आहे. परीक्षा बारा दिवसांवर आली होती. पाल उठलं तर पोर कुठून परीक्षेला बसणार, या विचाराने सरांचं जेवणात लक्ष लागेना.

म्हणून काल रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांनी मला टांगलं. खिडक्यांना खताची पोती लावली. पोत्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके आत येत होते आणि भरदुपारी चांदणं पडल्यागत वाटत होतं. त्या गुंगीत मला माझा तंबूच परत आल्यासारखं झालं.

सुरुवातीला सरांनी सांगितलं ते असं: सिनेमा परदेशातला, जुना, काळापांढरा. एका लहान गावात वखारीच्या मालकाचा खून होतो. त्याच दिवशी घड्याळं दुरुस्त करणारा एक काळा माणूस बसमधून उतरलेला असतो. गाव गोऱ्यांचं. काळ्या माणसाने दुकानात मागच्या दाराने यायचं, असा तिथला रिवाज. फौजदार त्याला पाहतो आणि उचलतो, पुरावा बघायची गरजच पडत नाही.

इंग्रजी कोणाला कळणार? म्हणून सरांनी सगळे संवाद वहीत मराठीत लिहिले होते. सिनेमाचा आवाज बारीक केला आणि माइक दिला रेश्माच्या हातात, कारण वर्गात वाचन तिचंच चांगलं. ती माझ्या मागे बसली. तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता.

पुढे गाव रंगून गेलं. फौजदार दरडावायचा, “तू कुठला? इथं कशाला आलास? हात दाखव तुझे.” रेश्मा ते असं वाचायची की एखादी बाई पदर तोंडाशी न्यायची. गोरक्षनाथ अण्णा पहिल्या रांगेत होते. ते दोनदा चुकचुकले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “उगं परक्या मानसाला धरलाय. त्यानं न्हाई केलं, दिसतंय की सरळ.” त्यांचा चेहरा माझ्या उजेडात इतका मऊ झाला होता की मला त्यांच्याविषयी माया वाटली.

शेवटी खुनी निघतो तो मालकाचाच भागीदार. फौजदार कोठडी उघडतो आणि त्या माणसाला एकच वाक्य बोलतो. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच शब्द ‘यू’, मराठीत मात्र ठरवावं लागतं. सरांनी बऱ्याच विचाराने तिथे लिहिलं होतं: तुम्ही निर्दोष आहात, तुम्ही जाऊ शकता. सिनेमाभर ‘तू’ आणि इथे पहिल्यांदा ‘तुम्ही’. त्यांना ती जागा फार आवडली होती.

रेश्मा तिथे थांबली. मग म्हणाली, “जा तू.”

सर वाकून पडद्यामागे आले आणि कुजबुजले, “अगं, तुम्ही लिहिलंय ना तिथं.”

“सर, पोलीस आमाला तुमी म्हनत न्हाईत,” रेश्मा म्हणाली. “सोडतानाबी न्हाई. गावातलंबी कुनी न्हाई. माझ्या आईला आजवर कुनी अहो म्हनलं न्हाई. मी कसं वाचू ते?”

माइक बंद करायचा राहून गेला होता.

सभागृहभर ते शब्द गेले. सिनेमा संपला तरी कोणी पोती काढेना. मी चेहरे बघत होतो. ते विरघळलेले नव्हते, कडकही नव्हते. इतक्या वर्षांत तसले चेहरे मी पाहिले नव्हते. अण्णा मान खाली घालून चपला शोधत राहिले, आणि चपला त्यांच्या पायांतच होत्या.

मला उतरवायचं कोणाला सुचलं नाही. त्यामुळे आज सोमवारी मी इथेच टांगलेला आहे, आणि माझ्यासमोर ग्रामसभा भरली आहे. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. मालनबाई दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उभी आहे. रेश्मा तिच्या मागे.

“हात वर करा,” ग्रामसेवक म्हणाले.

“थांबा,” गोरक्षनाथ अण्णा म्हणाले. तोंडात शब्द बसत नव्हता, ते मला दिसत होतं. “आदी त्यांचं ऐकू. तुमी या अशा पुढं. बसा हितं. तुमचं काय म्हननं हाय, सांगा.”

सगळं सभागृह दाराकडे पाहतं आहे. आणि मालनबाई मागे वळून बघते आहे, कोणाला बोलावलं म्हणून.

मी कापड आहे, मला आवाज नाही. माझ्या नावावर जे ऐकू येतं ते सगळं मागून कोणीतरी बोललेलं असतं. आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, आज मागतो. तुमच्यापैकी दाराजवळ कोणी असेल, तर तिला एवढं सांगा: तुम्हालाच म्हणतायत, मालनबाई.