घरातला पेशंट

चाकणच्या कारखान्यातून निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, कंपनीच्या तपासणीत प्रभाकररावांचं बीपी वाढलेलं निघालं आणि पिंपळे सौदागरच्या त्या फ्लॅटमध्ये सगळं जगणं त्या बीपीभोवती फिरू लागलं. त्यांची बायको अरुंधती हिने ते फारच मनावर घेतलं. उठल्याबरोबर गोळी, मग त्यांना जरा शांत बसवून दंडाला पट्टा लावायचा आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांच्यापुरती बेताच्या मिठाची वेगळी भाजी. उरलंसुरलं संपवणं अर्थातच तिच्याकडे. दुपारी ओट्याशी उभ्या उभ्याच ती कालची भाजी, लोणचं आणि तळलेला पापड यांच्याबरोबर पोळी खायची.

प्रभाकररावांना आजार चांगला मानवला. घरात कुणाचा आवाज चढला की ते छातीवर हात ठेवायचे. "माझं बीपी आहे, मला टेन्शन देऊ नका." मग मुलगा निमिष आणि सून ऋचा आपापली भांडणं, हप्ते, ऑफिसातले अपमान, सगळं घेऊन अरुंधतीकडे यायचे. तिचं डोकं कधी जड व्हायचं, जिना चढताना धाप लागायची. वयच झालं, असं ती म्हणायची. कुणी नाही म्हटलं नाही.

एका सकाळी मशीनवर प्रभाकररावांचा आकडा फारच खाली दिसला. त्यांचा विश्वास बसेना. "बिघडलंय वाटतं. तुझ्या हाताला लावून बघ."

अरुंधती त्यांच्या खुर्चीत बसली. एकशे चौऱ्याऐंशी, खाली एकशे आठ.

"बघ, म्हटलं नव्हतं?" प्रभाकरराव हसले. "तुला कुठलं आलंय बीपी! चांगली धडधाकट आहेस."

अरुंधतीही हसली. पुन्हा एकदा लावून पाहावं असं तिच्या मनात आलं. पण दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटून तिने पट्टा सोडला. संध्याकाळी निमिष मशीन बदलून घेऊन आला. नव्या मशीनवर वडिलांचा नेहमीसारखा आकडा आला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ते तिच्या दंडाला लावायचं कुणाला सुचलं नाही. तिलासुद्धा.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, गवार मोडता मोडता तिच्या उजव्या हातातली शेंग गळून पडली. उचलायला गेली तर बोटं ऐकेनात. "अहो," असं ती म्हणाली, पण तोंडातून निराळंच काहीतरी बाहेर आलं.

प्रभाकरराव आले. तिचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं. "पित्त झालंय तुला. रात्री जागतेस ना!" त्यांनी तिला पलंगावर आडवं केलं, उठेल थोड्या वेळाने म्हणून खिडकीचा पडदा ओढला आणि दार लोटून घेतलं. ती आढ्याकडे बघत पडली. बाहेर टीव्ही चालू होता. मग ताटाचा आवाज आला. ते सकाळची भाजी वाढून घेत होते. जेवण झाल्यावर त्यांची झोप झाली. ऋचा ऑफिसातून आली, सासूचं तोंड पाहिलं आणि किंचाळली.

हॉस्पिटलात डॉक्टर सलोनींनी पहिलाच प्रश्न विचारला, "बीपी आहे?"

"हो, मला आहे," प्रभाकरराव म्हणाले. "हिला काहीच नाही."

डॉक्टरांनी तपासण्यांचे रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले. "यांच्या हृदयाची भिंत जाड झालीय. हे आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. मूत्रपिंडांनाही त्रास झालाय. बीपी दुखत नाही हो, म्हणून तर ते मोजायचं असतं. कधी मोजलं होतं?"

निमिषने मान खाली घातली. "एकदा. आम्हाला वाटलं, मशीन खराब आहे."

"आणि आज? तोंड वाकडं झाल्या झाल्या आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं. आता ती वेळ गेली."

पलंगावर अरुंधतीला शब्दन् शब्द कळत होता.

घरी आणल्यावर सोसायटीतली माणसं भेटायला येऊ लागली. तिच्याकडे एक नजर टाकून ती प्रभाकररावांशेजारी बसायची. "स्वतःला जपा. तुम्हाला बीपी, त्यात हे टेन्शन."

"काय सांगू," प्रभाकरराव उसासा टाकायचे. "हिने कधी काही सांगितलंच नाही."

एके दिवशी शेजारणीसमोर ते पुन्हा ऐकल्यावर अरुंधतीने सगळं बळ एकवटलं. तुम्ही विचारलंत कधी, एवढंच तिला म्हणायचं होतं. "तु... तु..." याच्या पलीकडे जीभ हलली नाही.

"पाणी हवंय?" प्रभाकरराव लगबगीने उठले आणि त्यांनी पेला तिच्या ओठांना लावला. तिने तोंड फिरवलं. पाणी गालावरून मानेत ओघळलं, उशी भिजली. ते टॉवेलने टिपत राहिले.

"किती करतात हो बायकोचं!" शेजारीण म्हणाली.