तळघरातल्या तिसऱ्या सिलिंडरचा सूड

मित्रांनो, मी प्रोपेन वायूचा एक जुना सिलिंडर आहे, आणि मी माफ करणाऱ्यांपैकी नाही.

माझी उमेदीची वर्षे एका वेल्डरमामांच्या घरी गेली. त्यांच्या शहरातला नियम अंतर मोजतो. सिलिंडर घराबाहेर, उभा, खिडकीपासून आणि गटारापासून तीन मीटर दूर हवा. मामा स्वतः टेप लावून जागा आखत. दर महिन्याला साबणाचे पाणी लावून माझी झडप तपासत आणि "गुणी आहेस रे," म्हणत. तेवढ्या कौतुकावर मी बारा हिवाळे उघड्यावर काढले.

मामा वारले. त्यांच्या भाच्याने मला दुसऱ्या शहरातल्या आपल्या घरी नेले. तिथला नियम संख्या मोजतो. घरात भरलेले सिलिंडर फक्त दोन. ते कुठे ठेवावेत याबद्दल अवाक्षर नाही. भाच्याकडे दोन होतेच, मी तिसरा. चार दिवसांत माझी झडप अडकली आणि शेगडी विझली. पठ्ठ्याने मला रिकामा ठरवून तळघरात जिन्याखाली आडवा टाकला.

त्या तळघरात शिवणकाम करणारी एक भाडेकरू बाई आणि तिची लहान मुलगी राहत. मुलगी जमिनीवर गादी टाकून झोपे. माझ्या झडपेतून अधूनमधून उग्र वास येई.

"दादा, हा बाहेर काढा हो. पोरगी इथेच झोपते."

"रिकामा डबा आहे तो, ताई. नियमात बसतो. तुम्हाला जमत नसेल तर खोली सोडा!"

माझे डोकेच फिरले. सगळा वायू एकदम सोडून द्यावा असे वाटले. पण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. तो वरच्या मजल्यावर भाच्याकडे चढला नसता, जमिनीलगत सरपटत त्या गादीपाशी गेला असता. मी झडप आवळून धरली.

बाईने मात्र तपासनिसालाच बोलावून आणले.

"साहेब, वर दोन आहेत. हे भंगार," भाचा हसत म्हणाला.

"मग वजन करूच की!" बाईने कापडाचे गठ्ठे तोलायचा आपला काटा पुढे ओढला.

तपासनिसाने माझ्या मानेवर कोरलेले रिकामे वजन वाचले : पंधरा किलो. काट्याने एकोणीस दाखवले.

"चार किलो वायू आहे यात. आणि गळतोय."

"अहो, पण त्यातून काही येतच नव्हतं!"

"इथे राहणाऱ्यांना विचारा काय येत होतं ते." तपासनिसाने झडपेवर टोपण घट्ट बसवले. "उचला. उभा धरून. तुम्हीच."

सगळे शेजारी दारात उभे असताना भाचा मला छातीशी धरून जिना चढला. तपासणी होईपर्यंत त्याचे वरचे दोन सिलिंडरही जप्त झाले. बाईची खोली शाबूत राहिली.

उद्या मला भंगारात कापणार आहेत. मित्रांनो, आपल्या शहराचा नियम जरूर वाचा. पण जिथे नियम गप्प आहे, तिथे कोण झोपले आहे हे आधी वाकून बघा. आणि तो भाचा कधी भेटलाच, तर सांगा : जिना चढताना त्याला लागलेली धाप मी अजून आठवतो, आणि दर वेळी मला तितकेच बरे वाटते.